निधी कसा जमवावा याच्या आधीचा प्रश्न: स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी प्रतिष्ठान काढू पाहणाऱ्यांना उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तुमची धाकटी बहीण दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाने गेली. घरची माणसे आणि तिच्या मैत्रिणी असे तुम्ही बारा जण तिच्या नावाने धर्मादाय प्रतिष्ठान काढून या रोगावरील संशोधनासाठी निधी उभारू इच्छिता आणि सुरुवात म्हणून चालण्या-धावण्याची एक सार्वजनिक फेरी योजली आहे. पहिल्या वर्षी किती रक्कम जमेल असे धरून चालावे, कंपन्यांकडे प्रायोजकत्व कसे मागावे आणि कार्यक्रम ऑक्टोबरमध्येच घ्यावा का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

अशाच एका प्रतिष्ठानात मी एकोणीस वर्षे काम केले. त्यातली पहिली नऊ वर्षे देणग्या मागण्यात गेली आणि नंतरची दहा संशोधकांचे अर्ज वाचण्यात व अनुदाने देण्यात. दोन्ही बाजूंना बसल्यामुळे तुमच्या पत्रातली एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली: तिन्ही प्रश्न पैसे आत येण्याबद्दलचे आहेत, बाहेर जाण्याबद्दलचा एकही नाही. पैसे जमले नाहीत म्हणून बंद पडलेली प्रतिष्ठाने मी फार थोडी पाहिली. जमलेले पैसे कोणाला, कोणत्या निकषावर आणि कोणाच्या निर्णयाने द्यायचे हे वेळेवर न ठरल्यामुळे विश्वस्तांमध्ये तट पडलेली आणि तिसऱ्या वर्षी देणगीदाराच्या साध्या प्रश्नालाही सरळ उत्तर देऊ न शकणारी मात्र बरीच पाहिली. म्हणून तुमच्या प्रश्नांकडे मी शेवटी येईन.

पहिली गोष्ट म्हणजे ‘संशोधन’ या शब्दाचा अर्थ आपसांत ठरवून तो लिहून काढा. पेशींवर प्रयोग करणारी प्रयोगशाळा, रुग्णांवर होणाऱ्या औषधांच्या चाचण्या, रोग कोणाला व का होतो याचा हजारो स्त्रियांवर चालणारा दीर्घ अभ्यास आणि उपचारानंतर येणारा थकवा किंवा हाताची सूज कमी कशी होईल याचा शोध, हे सगळे संशोधनच आहे. जनजागृतीची व्याख्याने, मोफत मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी), गरजू रुग्णांच्या उपचारांचा खर्च ही कामे तितकीच मोलाची असली तरी ती संशोधन नव्हेत. देणगीदाराकडे ‘संशोधनासाठी’ म्हणून पैसे मागायचे आणि वर्षाअखेरीस ते तपासणी शिबिरावर खर्च करायचे, हा हेतू कितीही चांगला असला तरी दिलेल्या शब्दाचा भंग होतो, आणि बऱ्याच ठिकाणी कायद्याचाही. तुमच्या बारा जणांपैकी निम्म्यांच्या मनात शिबिरे असतील आणि निम्म्यांच्या मनात प्रयोगशाळा, याची मला जवळजवळ खात्री आहे. हा मतभेद पैसे येण्यापूर्वी बाहेर आलेला बरा.

दुसरीकडे, अर्थ फार आवळूनही चालत नाही. आमच्याकडे एका कुटुंबाने बरीच मोठी रक्कम दिली होती. त्यांची मुलगी ऐन तिशीच्या आत या रोगाने गेली होती, त्यामुळे तीस वर्षांखालील स्त्रियांमधल्या एका विशिष्ट प्रकारच्या गाठीवरील नव्या औषधासाठीच हा निधी वापरावा, अशी अट त्यांनी घातली आणि आम्ही भावनेच्या भरात ती जशीच्या तशी करारात लिहून घेतली. पहिल्या वर्षी अटीत बसणारा एकही अर्ज आला नाही. दुसऱ्या वर्षी एक आला, पण तो इतका कच्चा होता की परीक्षकांनी एकमुखाने नाकारला. रक्कम बँकेत पडून राहिली, दर सहा महिन्यांनी त्या मुलीचे वडील फोन करून विचारत, आणि माझ्यापाशी सांगण्यासारखे काही नसे. शेवटी दोन्ही बाजूंच्या वकिलांना बसवून अट सैल करण्यात आणखी काही महिने गेले. तेव्हापासून आम्ही प्रत्येक सशर्त देणगीच्या पत्रात एक वाक्य घालू लागलो: अटीत बसणारा योग्य प्रस्ताव ठरावीक मुदतीत न मिळाल्यास विश्वस्त मंडळ ही रक्कम त्याच रोगाच्या जवळच्या विषयावर वापरू शकेल. तुमच्या पहिल्या पावतीपुस्तकापासूनच या अर्थाचे वाक्य असू द्या.

तुम्ही मधला मार्ग कोणता निवडावा, यावर मी मत देऊ शकते, निर्णय तुमचा. या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ सगळे तो शरीरात इतरत्र, म्हणजे हाडे, यकृत, फुप्फुसे किंवा मेंदूपर्यंत, पसरल्यामुळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे २३ लाख स्त्रियांना या रोगाचे निदान झाले आणि ६ लाख ७० हजार मृत्यू झाले. असे असताना, उत्तर अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मोठ्या सरकारी व धर्मादाय संस्थांनी २००० ते २०१३ या काळात या रोगाच्या संशोधनाला जो पैसा दिला, त्यातला जेमतेम ७ टक्के पसरलेल्या कर्करोगाच्या वाट्याला आला, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसून आले. त्यानंतर या विषयाकडे लक्ष वाढले आहे, तरीही ‘पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावरील संशोधन’ हा हेतू मला तुमच्यासाठी पुरेसा नेमका आणि तरीही पुरेसा रुंद वाटतो. बहिणीच्या आजाराशी त्याचे नाते लोकांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता, स्वतंत्र प्रतिष्ठान काढावे का? हे तुमच्या देशाच्या कायद्यावर, करसवलतीच्या नियमांवर आणि तुमच्यापैकी किती जणांना पुढची दहा वर्षे कागदपत्रे सांभाळण्याची चिकाटी आहे यावर अवलंबून आहे. नोंदणीचे तपशील स्थानिक लेखापाल आणि वकील यांनाच विचारा. पण माझा स्पष्ट सल्ला असा, की पहिली तीन वर्षे एखाद्या जुन्या, हिशेब उघडे ठेवणाऱ्या संशोधन-प्रतिष्ठानात तुमच्या बहिणीच्या नावाने वेगळा निधी उघडावा. नाव तिचेच राहते आणि कार्यक्रम तुमचेच असतात. अर्ज मागवणे, तज्ज्ञांकडून तपासून घेणे, करार करणे, लेखापरीक्षण ही सगळी यंत्रणा मात्र त्यांची वापरता येते. बदल्यात ते काही टक्के व्यवस्थापन खर्च कापतात, आणि बहुतेक कुटुंबांना तो खटकतो. स्वतंत्र संस्थेचा लेखापरीक्षक, विमा, संकेतस्थळ आणि अर्धवेळ कर्मचारी यांचा वर्षाचा खर्च एका कागदावर मांडून पाहा, मग ती कपात स्वस्त वाटू लागेल. स्वतंत्र संस्था काढायचीच झाली तर ती तीन वर्षांनंतर, तुमच्यातले कोण टिकले आहे ते पाहून काढा.

बहिणीच्या नावाने मोठे काम उभे राहत नाही, असे मात्र नाही. अमेरिकेतली सुझन कोमेन १९८० साली छत्तिसाव्या वर्षी या रोगाने गेली आणि तिची बहीण नॅन्सी ब्रिंकर हिने १९८२ मध्ये तिच्या नावाने संस्था सुरू केली. पुढच्याच वर्षी डॅलसमध्ये त्यांची पहिली धावण्याची फेरी झाली, तिच्यात सुमारे ८०० जण होते. ती संस्था पुढे संशोधनाबरोबरच जागृती, तपासणी आणि रुग्णसाहाय्य अशा अनेक कामांत पसरली. याउलट एव्हलिन लॉडर यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या ब्रेस्ट कॅन्सर रिसर्च फाउंडेशनने संशोधनालाच मध्यभागी ठेवले. दोन्ही वाटा खऱ्या आहेत, फक्त देणगीदाराला आपण कोणत्या वाटेवर आहोत ते आधी सांगितलेले असावे लागते.

तुमच्या पत्रात आणखी एक ओळ होती, ती मला इथे घ्यावीशी वाटते: ‘सरकारे आणि औषध कंपन्या इतका पैसा ओततात, त्यात आमच्या चार पैशांनी काय होणार?’ ही शंका प्रत्येक नव्या विश्वस्ताला येते, आणि तिचे उत्तर नीट समजले तर पैसे कुठे द्यायचे तेही समजते. सरकारी अनुदान देणारी समिती सहसा प्राथमिक पुरावा मागते, म्हणजे कल्पना चालते हे थोडेफार आधीच दाखवावे लागते. पण ते दाखवण्यासाठी लागणारा पहिला पैसा कोणी द्यायचा? कंपनीला नफ्याची वाट दिसावी लागते. या दोन्हींच्या मधल्या जागेत धर्मादाय पैसा कामाला येतो. कर्करोगतज्ज्ञ डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवले की एचईआर-२ या जनुकाच्या प्रती गाठीत वाढलेल्या असतील तर रोग लवकर उलटतो. त्यावरून प्रतिपिंडाचे औषध बनवण्याच्या कामाबद्दल ते बनवणाऱ्या कंपनीचाच उत्साह मावळत असताना लिली टार्टिकॉफ यांच्या खटपटीने सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या रेव्हलॉन कंपनीकडून स्लॅमन यांच्या कामाला देणगी मिळाली. टार्टिकॉफ यांच्या पतीच्या कर्करोगावर स्लॅमन यांनीच उपचार केले होते. ट्रास्टुझुमॅब या नावाने ते औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. एचईआर-२ वाढलेला असलेल्या स्त्रिया एकूण रुग्णांच्या साधारण १५ ते २० टक्के असतात, आणि त्यांच्या आजाराचे भवितव्य त्यानंतर बदलून गेले.

दुसरे उदाहरण मला अधिक आवडते, कारण त्यात कोणी धनाढ्य नाही. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी एक तिकीट काढले, ज्याची किंमत नेहमीच्या टपाल दरापेक्षा थोडी जास्त होती आणि वरची रक्कम संशोधनाला जायची. पत्रागणिक काही सेंट, पण साठत साठत ते नऊ कोटी डॉलरच्या पुढे गेले. त्यातला ७० टक्के वाटा राष्ट्रीय आरोग्य संस्थांना आणि ३० टक्के संरक्षण खात्याच्या वैद्यकीय संशोधनाला देण्याचे कायद्यानेच ठरले होते. देण्याची व्यवस्था आधी ठरली होती, हे लक्षात घ्या. या पैशातला काही भाग टेलरएक्स या चाचणीला मिळाला. हार्मोन रिसेप्टर असलेल्या (म्हणजे हार्मोनच्या जोरावर वाढणाऱ्या), एचईआर-२ वाढलेला नसलेल्या आणि काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत न पोहोचलेल्या कर्करोगात केमोथेरपी सर्वांना द्यावीच लागते का, हा त्या चाचणीचा प्रश्न होता. दहा हजारांहून अधिक स्त्रिया तिच्यात सहभागी झाल्या आणि २०१८ मध्ये उत्तर आले, की जनुकीय चाचणीत मध्यम गुण आलेल्या बहुसंख्य स्त्रियांना केवळ हार्मोन-उपचार पुरतात. औषध कमी देऊन चालेल का, असा प्रश्न विचारण्याची कोणत्याही औषध कंपनीला घाई नसते. तुमचे चार पैसे अशा प्रश्नांसाठी आहेत.

लहान निधीने कोणती अनुदाने द्यावीत, याचे माझे उत्तर यातूनच निघते. नुकतीच स्वतःची प्रयोगशाळा उभी करणारा संशोधक, एक-दोन वर्षांची मुदत, एक धाडसी पण तपासता येण्याजोगी कल्पना. अंदाजपत्रक वाचताना मी आधी पगाराचे रकाने पाहत असे, कारण प्रयोग माणसे करतात. एका अर्जात निम्मी रक्कम उणे ८० अंशांच्या शीतपेटीवर होती. चौकशी केली तर तशाच दोन पेट्या त्याच मजल्यावर अर्ध्या रिकाम्या निघाल्या. अर्जदार अप्रामाणिक नव्हता, त्याला त्या वापरू देत नव्हते, इतकेच. आम्ही विभागप्रमुखांना एक पत्र लिहिले, पेटीचा प्रश्न सुटला आणि त्याच रकमेतून एका तंत्रज्ञाचा वर्षाचा पगार निघाला. संस्थेच्या वीज-जागा-कारभारासाठी मागितल्या जाणाऱ्या टक्केवारीवरही मर्यादा घाला, परंतु ती शून्य करण्याचा हट्ट धरू नका. प्रयोगशाळेला वीज लागतेच.

निर्णय कोणी घ्यायचा, याबाबत मात्र मी कसलीही सवलत देत नाही. विश्वस्तांनी रक्कम आणि विषय ठरवावा. कोणता अर्ज विज्ञान म्हणून चांगला, हे बाहेरच्या किमान तीन तज्ज्ञांनी गुण देऊन ठरवावे. परीक्षकाचे अर्जदाराशी एकत्र काम, गुरु-शिष्याचे नाते किंवा एकाच संस्थेतली नोकरी असेल तर त्या अर्जाच्या चर्चेपुरते त्याने खोलीबाहेर जावे आणि तो बाहेर गेल्याची नोंद इतिवृत्तात व्हावी. बहिणीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच पहिले अनुदान द्यावे, असे तुमच्यापैकी कोणीतरी सुचवील. कृतज्ञता समजण्यासारखी आहे, पण अर्ज सर्वांबरोबर आणि परीक्षण सर्वांसारखेच. याच टेबलावर आजारातून गेलेल्या एक-दोन स्त्रियांनाही बसवा, आणि शोभेसाठी नको, मतासहित बसवा. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या स्तन-कर्करोग संशोधन कार्यक्रमात, जो १९९२ मध्ये रुग्णसंघटनांच्या रेट्यामुळे सुरू झाला, अशा प्रतिनिधींना शास्त्रज्ञांच्या बरोबरीने मताचा अधिकार असतो. आमच्या एका बैठकीत सगळे परीक्षक एका अर्जावर खूश असताना अशाच एका बाईंनी विचारले, ‘या चाचणीत सहा वेळा सुईने पेशी काढणार आहात. दुसऱ्या वेळेनंतर बायका येतील का?’ अर्ज दुरुस्तीसाठी परत गेला आणि तीन वेळांवर आला.

आता फेरीविषयी. कार्यक्रमातून लोक जोडले जातात, बातमी होते, कुटुंबाला बळ मिळते. पण पैसा जमवण्याचा तो महागडा मार्ग आहे, हे मान्य करून मगच उतरा. आमच्या पहिल्या फेरीत जमा रकमेचा आकडा ऐकून मंचावर टाळ्या पडल्या. महिन्याभराने मैदानाचे भाडे, विमा, रुग्णवाहिका, पाणी आणि गुलाबी टी-शर्ट यांची बिले भागवली तेव्हा शंभरातले एकोणचाळीस उरले, आणि न खपलेल्या टी-शर्टांची खोकी कार्यालयाच्या जिन्याखाली पुढची दोन वर्षे पडून होती. दुसऱ्या वर्षी प्रवेशशुल्कातच सगळा खर्च निघेल असे गणित बसवले, टी-शर्ट आगाऊ मागणीवरच छापले आणि प्रत्येक धावणाऱ्याला ओळखीच्या माणसांकडून देणगी मागण्याचे एक साधे पान दिले. तेव्हा आकडा पालटला. जाहीर करायचा आकडा खर्च वजा जाताचाच असावा, मग तो कितीही लहान दिसो.

कंपन्यांकडे जाताना तुमच्यापाशी चार ओळींचा लेखी नमुना तयार असू द्या: विक्रीमागे नेमकी किती रक्कम मिळणार, किमान किती मिळण्याची हमी, कमाल मर्यादा असल्यास ती किती आणि गाठल्यावर ग्राहकाला ते कळवले जाणार का, व नाव-चिन्ह किती दिवस वापरता येईल. ‘विक्रीचा काही भाग’ या शब्दांवर कधीही सही करू नका. गुलाबी फीत हे या रोगाच्या जागृतीचे चिन्ह; तिच्या नावावर चाललेल्या विक्रीबद्दल ब्रेस्ट कॅन्सर ॲक्शन या संघटनेने २००२ मध्ये मोहीमच उघडली होती, आणि तिचे प्रश्न हेच होते: किती, कुठे आणि कोणाला. कोणत्या उद्योगांचा पैसा घ्यायचा नाही, त्याची यादीही आधी करा. तंबाखू आणि मद्य तर उघडच आहे. मद्यपानाने या रोगाचा धोका वाढतो, हे पुरेसे सिद्ध झालेले आहे. धनादेश समोर आल्यावर तत्त्वे ठरवायला बसलेले विश्वस्त मी पाहिले आहेत, आणि तो देखावा चांगला नसतो.

पहिल्या वर्षी किती जमेल, याचा आकडा मी सांगणार नाही, कारण तो तुमच्या बारा जणांच्या ओळखीपाळखींवर अवलंबून आहे. पण आकार सांगते. पहिल्या वर्षीचे बहुतेक देणगीदार बहिणीला ओळखणारे असतात; दुसऱ्या वर्षी त्यांतले बरेच गळतात, आणि दुःख ताजे नसताना जे पुन्हा देतात तेच तुमचे खरे देणगीदार. म्हणून पहिल्या वर्षीच्या रकमेवर विसंबून कोणाला तीन वर्षांचे अनुदान कबूल करू नका. प्रयोगशाळेने तुमच्या शब्दावर माणूस नेमलेला असतो, आणि मध्येच हप्ता थांबला तर त्याची नोकरी जाते. संपूर्ण मुदतीची रक्कम हातात असेल तेव्हाच करार करावा आणि हप्ते प्रगती-अहवाल पाहून सोडावेत, हा नियम आम्ही एकदाच मोडला आणि पुन्हा मोडला नाही. महिन्याला थोडी थोडी रक्कम देणारे शंभर जण तुम्हाला मिळाले तर ते एका मोठ्या पाहुण्यापेक्षा जास्त मोलाचे समजा.

या सगळ्याचा हिशेब देणगीदारापर्यंत पोहोचवताना अपयशही कळवा. आमच्या एका अनुदानातून दोन वर्षांनी निघालेला निष्कर्ष असा होता, की संशोधिकेने धरलेले प्रथिन रोग पसरण्यास कारण नाही. तिने दोन पानांचे पत्र लिहिले, त्यात हे मान्य करून पुढे कोणती दिशा आता सोडून देता येईल ते समजावले. विश्वस्तांना ते पत्र दडवावेसे वाटत होते. आम्ही ते सर्व देणगीदारांना पाठवले. मोजून सात जणांनी नाराजी कळवली, आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या चौघांनी पुन्हा दिले.

राहिला ऑक्टोबर. हा जागृतीचा महिना १९८५ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि टॅमॉक्सिफेन हे या रोगावरचे औषध बनवणाऱ्या कंपनीच्या औषध विभागाने मिळून सुरू केला, आणि आता त्या एकतीस दिवसांत प्रत्येक संस्था, प्रत्येक दुकान आणि प्रत्येक वर्तमानपत्र गुलाबी झालेले असते. मैदान मिळत नाही, प्रायोजकांनी वर्षाचे पैसे आधीच कबूल केलेले असतात आणि तुमची नवी फेरी त्या गर्दीत कोणाला दिसत नाही. बहिणीचा वाढदिवस कोणत्या महिन्यात येतो, ते तुम्ही लिहिलेले नाही. तो इतर कोणत्याही महिन्यात असेल, तर त्याच आठवड्यातला रविवार धरा.